पुढच्या आवृत्तीत बघू

नवी मुंबईतल्या रोडपालीत शिरताना दुकानांच्या पाट्या वाचत चाला. गावाच्या नावातला ‘ल’ दोन तऱ्हांनी लिहिलेला दिसेल. रंगाऱ्याने ब्रशने रंगवलेल्या जुन्या पाटीवर तो आपल्या शाळेतला, दोन पाकळ्यांचा. फ्लेक्सवर छापलेल्या नव्या पाटीवर पुष्कळदा उभ्या दांडीला टेकलेला, हिंदीच्या पुस्तकातला. दोन्ही पाट्या सगळे वाचतात, पत्ता कुणाचा चुकत नाही. पण हा दुसरा ‘ल’ गावाने मागितलेला नाही. पाटी लावणाऱ्यानेही मागितलेला नाही. तो ठरला दूर कुठेतरी, एखाद्या सॉफ्टवेअरच्या पुढच्या आवृत्तीत काय घालायचं आणि काय सोडायचं याची यादी करणाऱ्यांच्या टेबलावर. तशा एका टेबलावर मी बरीच वर्षं बसलो आहे. तिथे मी काय केलं, तेही या लेखात सांगणार आहे.

राहायला मी रोडपालीत. नोकरी होती महापेला, सॉफ्टवेअरच्या कंपनीत. आमचं उत्पादन पतसंस्था आणि गृहनिर्माण संस्थांच्या सभासदांच्या नोंदी ठेवायचं. दर काही महिन्यांनी नवी आवृत्ती निघायची आणि तिच्याआधी एक लांबलचक बैठक व्हायची. मागण्या शंभराच्या वर, हातात दिवस साठ, काम करणारी माणसं सात-आठ. म्हणजे यादीतल्या दहापैकी आठ गोष्टी वगळायच्या हे बसण्याआधीच ठरलेलं. कायद्याने दिलेली तारीख असेल तर ते काम पहिलं. मोठं गिऱ्हाईक करार मोडण्याची भाषा करत असेल तर त्याचं काम दुसरं. स्पर्धकाने काही नवं आणलं असेल तर त्याची नक्कल तिसरी. या तिन्हींत न बसणाऱ्या मागणीपुढे एकच शेरा पडायचा: पुढच्या आवृत्तीत बघू.

एका पतसंस्थेत काम करणाऱ्या बाईंनी एकदा फोनवर तक्रार केली. आमची यादी मराठी क्रमाने लागत नव्हती. शाळेत आपण श, ष, स, ह, ळ, क्ष, ज्ञ असं म्हणतो. ‘ळ’ची जागा ‘ह’नंतर. संगणकातल्या अक्षरांच्या तक्त्यात मात्र ‘ळ’ बसलाय ‘ल’च्या लगेच पुढे आणि ‘व’च्या आधी. संगणकाला मराठीचा क्रम मुद्दाम शिकवला नाही तर तो त्या तक्त्याच्या क्रमानेच नावं लावतो. मग काळे मंडळी कावळे आणि काशीद यांच्या आधी येऊन बसतात. वयस्कर सभासद आपलं नाव नेहमीच्या जागी शोधायचे आणि ते नाही म्हटल्यावर घाबरायचे. ठेव बुडाली की काय, असं विचारायचे. बाईंनी हे सगळं शांतपणे सांगितलं. मी नोंद केली आणि पुढे लिहिलं: ‘कमी प्राधान्य’. पुढच्या बैठकीत पुन्हा तेच लिहिलं. मी मराठी शाळेत शिकलेलो, ‘ळ’ कुठे येतो हे त्या खोलीत सगळ्यांत चांगलं मलाच ठाऊक होतं. पण मागणी एका फोनवरची, लेखी कागद नाही, सोबत दुसऱ्या संस्थेचा आवाज नाही. मी ती नोकरी सोडली तेव्हाही ती मागणी यादीत तशीच पडून होती. त्या बाईंची क्षमा मागायला मी कधी गेलो नाही, हे आजही मला लागतं.

आमची यादी लहान होती. जगातल्या प्रत्येक फोनवर आणि संगणकावर कोणतं अक्षर उमटू शकेल, हे ठरवणारी यादी युनिकोड कन्सॉर्शियम नावाच्या संस्थेकडे असते. 1991 साली कॅलिफोर्नियात तिची नोंदणी झाली आणि त्याच वर्षी ऑक्टोबरात पहिली आवृत्ती निघाली. जगातल्या प्रत्येक लिपीच्या प्रत्येक अक्षराला एक कायमचा क्रमांक द्यायचा, हे तिचं मुख्य काम. सप्टेंबर 2025 मध्ये 17.0 ही आवृत्ती आली, तेव्हा अशा खुणांची संख्या 1,59,801 झाली होती. प्रत्येक आवृत्तीआधी बैठका होतात, प्रस्ताव वाचले जातात, पुरावे तपासले जातात. काही घेतले जातात, काही परत जातात, काही वर्षानुवर्षं थांबतात. आमच्या महापेच्या बैठकीचंच हे मोठं रूप. फरक इतकाच की इथे एखादं अक्षर राहून गेलं, तर एक भाषा तेवढी वर्षं अडखळत लिहिते.

देवनागरीला या तक्त्यात 128 घरं मिळाली, 0900 पासून 097F पर्यंत. ही घरं कुणा परदेशी माणसाने कल्पनेने आखलेली नाहीत. कानपूरच्या आयआयटीत भारतीय लिप्यांच्या संगणकीकरणाचं काम झालं, त्यात मोहन तांबे यांचं नाव प्रामुख्याने घेतलं जातं. 1988 साली पुण्यात सीडॅक ही संस्था स्थापन झाली आणि ते काम तिकडे पुढे गेलं. त्यातून ‘इस्की’ हे भारतीय मानक तयार झालं. बंगाली, गुजराती, तमिळ, तेलुगू, देवनागरी अशा सगळ्या लिप्यांना एकच क्रम द्यायचा, म्हणजे एकीतला मजकूर दुसरीत सहज नेता येईल, ही त्यामागची कल्पना. कल्पना मोठी होती आणि कामही मोलाचं. युनिकोडने तोच आराखडा घेतला. पण सगळ्यांसाठी एक साचा करताना एखाद्याचं काहीतरी सुटतं, तसं मराठीचं सुटलं. ‘ळ’ ‘ल’शेजारी गेला, आणि ‘ॲ’ला तर घरच मिळालं नाही. तक्त्यात ‘ए’वर चंद्र काढलेलं ‘ऍ’ होतं. मराठी माणूस चंद्र काढतो ‘अ’वर.

हे अक्षर किती लागतं ते पाहायला रोडपालीहून लांब जावं लागत नाही. एका बाजूला कळंबोलीचा लोखंड बाजार, दुसऱ्या बाजूला तळोज्याची औद्योगिक वसाहत. ॲसिडचे टँकर, ॲल्युमिनियमच्या खिडक्या, ट्रकचे ॲक्सल. वकिलाच्या पाटीवर ॲडव्होकेट, क्लासच्या पाटीवर ॲकॅडमी, आणि रात्री-अपरात्री ज्याचा नंबर शोधतो ती ॲम्ब्युलन्स. ‘कॅट’ आणि ‘बॉल’मधले स्वर लिहिता यावेत म्हणून मराठीने ही चंद्राची सोय करून घेतली आणि ती इतकी अंगवळणी पडली की आता तिच्यावाचून दुकानाची पाटी लिहून होत नाही. अशा अक्षराला क्रमांक 0972 मिळाला तो 5.1 या आवृत्तीत, एप्रिल 2008 मध्ये. पहिल्या आवृत्तीनंतर साडेसोळा वर्षांनी. खुद्द महाराष्ट्र शासनाने ‘ॲ’ आणि ‘ऑ’ यांना वर्णमालेत रीतसर बसवलं ते 6 नोव्हेंबर 2009 च्या शासन निर्णयाने. म्हणजे संगणकाच्या तक्त्यात ‘ॲ’ आला तेव्हा आपल्या सरकारी वर्णमालेत तो यायचा होता. तिकडचा उशीर मोजताना इकडचाही मोजावा लागतो.

मधल्या वर्षांत लोक थांबले नाहीत. त्यांनी वाटा काढल्या. कुणी ‘ऍ’ वापरला. कुणी ‘अ’ टंकून त्यापुढे सुटा चंद्र लावला. कुणी त्या दोघांच्या मध्ये डोळ्यांना न दिसणारी जोडखूण घातली, म्हणजे ते एकत्र तरी दिसतील. वर्तमानपत्रांच्या संकेतस्थळांवर हा तिसरा प्रकार आजही सर्रास भेटतो. वाचणाऱ्याला तिन्ही प्रकार आणि खरा ‘ॲ’ जवळजवळ सारखेच दिसतात. संगणकाला मात्र ते चार वेगळे शब्द. एका तऱ्हेने लिहिलेली ॲम्ब्युलन्स दुसऱ्या तऱ्हेने शोधली तर सापडेलच असं नाही. एखादी सोय वेळेवर दिली नाही की लोक आपापल्या चार सोयी करतात, आणि मग खरी सोय आली तरी त्या चार जात नाहीत. सॉफ्टवेअरच्या धंद्यात हे सगळ्यांना माहीत असतं, तरी यादी करताना कुणी त्याचा हिशेब धरत नाही.

गेल्या गणपतीच्या आधी मी सोसायटीच्या कार्यक्रमाचा फ्लेक्स करायला गेलो होतो. दुकानात गिऱ्हाइकं मजकूर व्हॉट्सॲपवर पाठवतात, म्हणजे तो युनिकोडमध्ये येतो. दुकानातला संगणक जुना, चित्रांचं सॉफ्टवेअर जुन्या आवृत्तीचं, आणि फाँट त्याहून जुन्या पद्धतीचे. या पद्धतीत इंग्रजी अक्षरांच्या घरांत देवनागरीचे तुकडे बसवलेले असतात. म्हणून आलेला मजकूर आधी त्या फाँटमध्ये बदलून घ्यावा लागतो. बदलताना नेमकी दोन ठिकाणं मोडतात: ‘ॲ’ आणि ‘ऱ्या’. काम करणारा मुलगा ती जागा न बघताच ओळखतो, कर्सर नेतो आणि हाताने अक्षर जोडतो. दिवसातून किती वेळा, विचारलं. काका, मोजत नाही, म्हणाला. हे दुरुस्त करून द्या असं त्याने कधी कुणाला कळवलं आहे का, असंही विचारलं. कळवायचं असतं हेच त्याला ठाऊक नव्हतं.

‘ऱ्या’ची गोष्ट वेगळीच आहे. दर्या म्हणजे समुद्र आणि दऱ्या म्हणजे डोंगरातल्या. आचार्यांना म्हटलं तर गुरुजी, आचाऱ्यांना म्हटलं तर स्वयंपाकी. डावीकडून येणारी ती लहानशी अर्धी रेघ बदलली की माणूस बदलतो. या रेघेला तक्त्यात स्वतंत्र घर नाही. द्रविड भाषांतल्या एका ‘र’साठी ठेवलेलं, खाली टिंब असलेलं ‘ऱ’ आहे, त्याला हलन्त जोडला की आपली रेघ उमटते. दुसरी वाट म्हणजे साध्या ‘र’ला हलन्त आणि तीच न दिसणारी जोडखूण. दोन्ही वाटा मान्य आहेत. म्हणून एकच ‘वाऱ्यावर’ हा शब्द दोन प्रकारांनी साठवला जातो आणि शोधताना चुकतो. मराठीचा अर्थ ज्या रेघेवर उभा आहे, ती दुसऱ्याच्या घरात भाड्याने राहते, असं मला नेहमी वाटत आलं आहे.

मग हे काम मुळातच संथ असतं का? नाही. भारत सरकारच्या मंत्रिमंडळाने रुपयाचं चिन्ह स्वीकारलं ते 15 जुलै 2010 रोजी. मुंबईच्या आयआयटीतल्या औद्योगिक अभिकल्प केंद्रात संशोधन करणाऱ्या उदय कुमार यांनी ते रेखाटलेलं. त्याच ऑक्टोबरात युनिकोडची 6.0 ही आवृत्ती निघाली आणि तिच्यात ‘₹’ होता. तीन महिनेसुद्धा लागले नाहीत. ‘ॲ’ला साडेसोळा वर्षं आणि ‘₹’ला तीन महिने! यात कुणाचा कट नाही. रुपयामागे एका देशाचं सरकार उभं होतं, मंत्रिमंडळाचा निर्णय होता, आणि जगाच्या बाजाराला ते चिन्ह लागणार हे कुणाला पटवून द्यावं लागत नव्हतं. आमच्या बैठकीत कायद्याची तारीख आणि मोठं गिऱ्हाईक वर जायचं, तसंच हे. ‘ॲ’ लिहिणारे कोट्यवधी होते, पण टेबलावर त्यांचा कागद कधी आला, यावर सगळं अवलंबून होतं.

त्याच 6.0 मध्ये आणखी एक मोठा लोंढा आला, इमोजींचा. जपानी फोन कंपन्यांनी आपापल्या फोनांत हसरे चेहरे नि चित्रं घातली होती, ती एकमेकांच्या फोनवर नीट दिसेनात, म्हणून सगळ्यांना क्रमांक देण्यात आले. पुढे इमोजींची मागणी जगभर वाढली. मार्च 2019 च्या 12.0 आवृत्तीत साडी, रिक्षा, मंदिर आणि पणती ही चार चित्रं एकदम आली. या दिवाळीत तुम्ही शुभेच्छा पाठवताना जी पणती लावाल, ती तिथली. अक्षरं ताटकळत असताना चित्रांवर वेळ का घालवता, असा राग पुष्कळ जाणकारांना आला होता. मलाही आला होता. पण नंतर एक गोष्ट कळली आणि राग निवळला. तक्त्यातली पहिली 65,536 घरं सोडून त्यापलीकडच्या घरांतली अक्षरं जुन्या सॉफ्टवेअरना नीट हाताळता येत नसत, आणि दुर्मीळ लिप्यांसाठी ती दुरुस्ती करायला कुणी तयार नसे. बहुतेक इमोजी त्या पलीकडच्या घरांत राहतात. गिऱ्हाइकांना इमोजी हवेसे झाले आणि कंपन्यांनी दुरुस्ती केली. त्या दुरुस्तीचा लाभ ज्यांना मिळाला, त्यांत एक आपली मोडी लिपी आहे.

मोडीची आठवण रोडपालीत निघाली नाही असं होत नाही. 1970 साली नवं शहर वसवणारी सिडको आली, नवी मुंबईसाठी 95 गावांच्या जमिनी घेण्याचं ठरलं, आणि इथल्या आगरी-कोळी घरांचं आयुष्य कागदाला बांधलं गेलं. जानेवारी 1984 मध्ये या जमिनींसाठीच्या आंदोलनात पाच जणांनी प्राण दिले. दि. बा. पाटलांच्या नेतृत्वाखालच्या त्या लढ्यातून पुढे घेतलेल्या जमिनीच्या साडेबारा टक्के भूखंड देण्याची योजना आली. ज्याच्याकडे कागद होता त्याचा दावा उभा राहिला. आणि कागद जसजसा जुना होत जातो, तसतशी बाळबोध, म्हणजे देवनागरी, लिपी संपते आणि मोडी सुरू होते. कुलाबा जिल्ह्याच्या काळातली खरेदीखतं, वाटण्या, कर्जरोखे. विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत ही लिपी व्यवहारात होती. आज पणजोबांची सही दाखवली तर पणतूला ती वाचता येत नाही; मोडी जाणणारा माणूस शोधावा लागतो.

ही लिपी जून 2014 मध्ये 7.0 या आवृत्तीत दाखल झाली, 79 अक्षरखुणांसह. तिचा प्रस्ताव अंशुमान पांडे यांनी मांडला होता. मोडी म्हणजे घाईत लिहिलेली देवनागरी, तिला वेगळी घरं कशाला, असं कुणीही म्हणू शकलं असतं. प्रस्तावात त्याचं उत्तर होतं: जुन्या कागदांचे नमुने, अक्षरांची वळणं, जोडण्याच्या रीती, देवनागरीहून मोडी कुठे वेगळी वागते याची उदाहरणं. मोडीमागे मंत्रिमंडळ उभं नव्हतं, कुठली बाजारपेठही नव्हती. एका अभ्यासकाने नीट लिहिलेला कागद होता आणि तो पुरला. महापेच्या बैठकीत माझ्यापुढे असा कागद आला असता, तर ‘ळ’पुढे ‘कमी प्राधान्य’ लिहिताना माझा हात थांबला असता, असं मला वाटतं.

या यादीचा एक नियम मला फार आवडतो आणि त्याची भीतीही वाटते. एकदा दिलेलं घर परत घेतलं जात नाही. आमच्या उत्पादनात एखादी सोय चालली नाही तर पुढच्या आवृत्तीत ती गुपचूप काढून टाकायचो. इथे ते नाही. अक्षराला दिलेलं नावसुद्धा बदलत नाही. एका कंसाच्या इंग्रजी नावात ‘ब्रॅकेट’ शब्दाचं स्पेलिंग चुकलं, दोन अक्षरं उलटी पडली. चूक सगळ्यांना माहीत आहे आणि ती तशीच राहणार आहे. कारण जगातले कागद त्या तक्त्यावर विसंबून आहेत, पाया हलवता येत नाही. म्हणून ‘ळ’ कधी ‘ह’नंतर जाणार नाही. प्रत्येक उत्पादनाने मराठीचा क्रम वरून शिकवायचा, हाच उपाय उरतो, आणि तो करणं अवघड नाही. मी केला नाही, एवढंच.

आता सुरुवातीच्या ‘ल’कडे येतो. युनिकोडच्या लेखी दोन्ही ‘ल’ म्हणजे एकच अक्षर. रूप ठरवायचं फाँटने. 2009 च्या शासन निर्णयाने पाकळीचा ‘ल’ आणि देठाचा ‘श’ मराठीसाठी प्रमाण ठरवला. विंडोजबरोबर पूर्वी येणारा ‘मंगल’ हा फाँट घडवणारे र. कृ. जोशी मुंबईतच शिकवायचे, आपल्या अक्षरांवर त्यांचं आयुष्यभराचं काम. चांगल्या फाँटमध्ये आज दोन्ही रूपं भरून ठेवता येतात आणि मजकूर मराठी आहे असं कळलं की फाँट आपोआप पाकळीचा ‘ल’ काढतो. अडतं ते कळण्यापाशी. मजकूर मराठी आहे हे सॉफ्टवेअरने फाँटला सांगावं लागतं. पुष्कळ सॉफ्टवेअर ते सांगत नाहीत. देवनागरी आहे एवढंच सांगतात, आणि फाँट हिंदीचं रूप काढून मोकळा होतो. म्हणजे रोडपालीच्या पाटीवरचा ‘ल’ बदलायला नवं अक्षर नको, नवा शोधही नको. एका ओळीचं काम आहे, आणि ते कुठल्या कुठल्या बैठकांत ‘पुढच्या आवृत्तीत बघू’ म्हणून पडलेलं आहे.

माझं मागणं दोघांकडे आहे. अशा बैठकांना बसणारी मराठी मुलं-मुली आज महापेपासून हिंजवडीपर्यंत आणि तिकडे परदेशातही हजारोंनी आहेत. त्यांनी पुढची यादी करण्याआधी एकदा फ्लेक्सच्या दुकानात तासभर उभं राहावं, पतसंस्थेच्या खिडकीशी बसावं. तिथली माणसं तक्रार करत नाहीत, हाताने अक्षर जोडतात. ती मागणी आपणच लिहून न्यायची असते. आणि वाचकहो, तुमच्या फोनवर अक्षर मोडलं, नावाचा क्रम चुकला, शोधलेला शब्द सापडला नाही, तर त्या पडद्याचं चित्र काढा, काय चुकलं ते दोन ओळींत लिहा आणि ज्यांचं सॉफ्टवेअर आहे त्यांना पाठवा. शेजाऱ्यालाही पाठवायला सांगा. एक फोन यादीत खाली जातो, हे मी स्वतःच्या हाताने करून पाहिलं आहे. वीस कागद आले तर कुणाला तरी उत्तर द्यावं लागतं.

मोडीतलं एखादं चिन्ह, जुन्या पोथीतली एखादी खूण अजून तक्त्यात नाही असं तुम्हाला आढळलं, तर युनिकोडकडे प्रस्ताव कुणालाही पाठवता येतो. त्यासाठी संस्थेचं सभासद असावं लागत नाही. जुन्या कागदाचा, छापील पानाचा पुरावा मात्र जोडावा लागतो.